चारशेंचा एक टक्का म्हणजे चार मुले

मेरीलँड राज्याच्या दक्षिण टोकाला, सेंट मेरीज नावाच्या नदीच्या काठी एक छोटे सरकारी कॉलेज आहे. त्याचे नाव सेंट मेरीज कॉलेज ऑफ मेरीलँड. विद्यार्थी साधारण सोळाशे. वॉशिंग्टनहून निघाले की दीड-दोन तासांत उपनगरे मागे पडतात, रस्त्याच्या कडेला तंबाखू वाळवण्याची जुनी लाकडी कोठारे दिसू लागतात आणि शेवटी लाल विटांच्या इमारती, शिडाच्या होड्या आणि संथ, रुंद पाणी समोर येते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही येथून अर्ध्या तासावर राहायला आलो आणि माझी मुलगी सध्या या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे.

इकडे येण्यापूर्वी मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात अकरा वर्षे इतिहास शिकवत होते. त्यांतली तीन वर्षे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, म्हणजे आपण ज्याला सगळेच ‘आयक्यूएसी’ म्हणतो त्याचे काम माझ्याकडे होते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेला दरवर्षी पाठवायचा अहवाल मी रात्री जागून भरलेला आहे. त्यामुळे मुलीच्या प्रवेशाच्या वेळी इतर पालक वसतिगृह आणि जेवणाची चौकशी करत होते, तेव्हा मी हे कॉलेज राज्य सरकारला दरवर्षी काय लिहून देते ते शोधून वाचले. तेव्हापासून दरवर्षी वाचते. आज त्याविषयीच लिहायचे आहे.

आधी कॉलेजविषयी थोडे सांगायला हवे. ‘लिबरल आर्ट्स’ म्हटले की आपल्याकडे कला शाखा डोळ्यांसमोर येते, पण येथे रसायनशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र, नाटक आणि तत्त्वज्ञान एकाच छताखाली असतात आणि भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलालाही इतिहास किंवा कला शिकावीच लागते. अमेरिकेत अशी छोटी कॉलेजे बहुतेक खासगी आणि अतिशय महागडी असतात. सरकारी उच्च शिक्षण म्हणजे बहुधा वीस-तीस हजार विद्यार्थ्यांची अवाढव्य विद्यापीठे. सरकारी असूनही लहान राहिलेल्या मोजक्या संस्थांपैकी हे एक कॉलेज आहे, आणि ते ज्या जागी उभे आहे तिला मोठा इतिहास आहे. १६३४ साली इंग्रज वसाहतकऱ्यांनी मेरीलँडची पहिली राजधानी येथेच वसवली. १६४९ साली ख्रिस्ती पंथांमधील सहिष्णुतेचा कायदा येथेच संमत झाला. १६९० च्या दशकात राजधानी अ‍ॅनापोलिसला गेली, गाव ओस पडले आणि शेते झाली. त्या पहिल्या वसाहतीचे जिवंत स्मारक म्हणून राज्याने १८४० साली येथे मुलींची शाळा काढली. तिचे पुढे दोन वर्षांचे कॉलेज झाले आणि १९६० च्या दशकात चार वर्षांचे.

१९९२ हे वर्ष माझ्या विषयासाठी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी राज्याने या कॉलेजाला ‘पब्लिक ऑनर्स कॉलेज’, म्हणजे वरच्या दर्जाचे शिक्षण देणारे सरकारी कॉलेज, असा दर्जा दिला. मेरीलँडची बहुतेक सरकारी विद्यापीठे एका सामाईक व्यवस्थेखाली येतात, पण हे कॉलेज तिच्या बाहेर ठेवले गेले. त्याच्या विश्वस्त मंडळाला स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याचे व्यापक अधिकार मिळाले आणि सरकारी अनुदान महागाईच्या दराशी बांधून ठोक रकमेने देण्याचे ठरले. म्हणजे प्रत्येक पदासाठी मंत्रालयात खेटे घालायला नकोत आणि प्रत्येक खरेदीसाठी वरची मंजुरी नको. त्या मोकळिकीच्या बदल्यात कॉलेजाने काय करून दाखवले याचा हिशेब मात्र दरवर्षी द्यायचा.

तो हिशेब राज्याच्या उच्च शिक्षण आयोगाकडे जातो आणि कोणालाही वाचता येतो. मी वाचलेल्या अहवालांत उद्दिष्टे चारच आहेत: शिक्षण सकस आणि कसदार ठेवणे, वेगवेगळ्या थरांतले विद्यार्थी व अध्यापक आणणे आणि टिकवणे, पैशांची अडचण असलेल्यांना दार उघडे ठेवणे, आणि राज्याच्या समाजजीवनात व रोजगारात भर घालणे. एवढीच वाक्ये असती तर ती कुठल्याही कॉलेजाच्या माहितीपत्रकात शोभली असती. पण प्रत्येक उद्दिष्टाखाली मोजता येईल असे लक्ष्य आहे. एका अध्यापकामागे बारापेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत. पदवी घेणाऱ्यांपैकी निदान ८० टक्के विद्यार्थ्यांनी एखाद्या अध्यापकाबरोबर एकास एक पद्धतीने काम केलेले असावे. ८० टक्के विद्यार्थ्यांनी शिकताना स्वयंसेवेचे काम केलेले असावे. पहिल्या वर्षातून दुसऱ्या वर्षात ९० टक्के विद्यार्थी परत यावेत, आणि चार वर्षांत ७० टक्के व सहा वर्षांत ८० टक्के विद्यार्थ्यांच्या हाती पदवी पडावी. प्रत्येक लक्ष्यासमोर मागच्या काही वर्षांचे प्रत्यक्ष आकडे ओळीने दिलेले असतात.

या ओळींमध्ये लक्ष्य चुकलेले आकडेही जसेच्या तसे असतात. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी त्या पानावरच थांबले. एखाद्या बाबतीत कॉलेज मागे पडले असेल तर मजकुरात कारण आणि पुढचा उपाय लिहिलेला असतो, आणि आयोगाचे समाधान झाले नाही तर तो प्रश्न विचारतो व त्याचे उत्तरही त्याच अहवालात छापले जाते. मी आपल्याकडे अहवाल भरत असताना ‘उद्दिष्ट’ आणि ‘पूर्तता’ हे दोन रकाने शेजारी शेजारी असत आणि दुसऱ्या रकान्यात ‘पूर्ण’ याखेरीज काही लिहायचे नाही, असे मला स्पष्ट सांगितले गेले होते. एका वर्षी प्रथम वर्षातल्या मुलींची गळती किती आणि का, हे मी घरोघर विचारून दोन पानांत लिहिले होते. कोणाचे लग्न ठरले, कोणाची एसटी बंद झाली, कोणाच्या घरी ऊसतोडीला जायचे होते. ती दोन पाने अंतिम अहवालातून काढली गेली. त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्या पानांत पुढच्या वर्षी काय करायचे ते स्पष्ट दिसत होते.

अध्यापक आणि विद्यार्थी यांच्या प्रमाणाकडेही मी अशाच अनुभवाने पाहते. आपल्याकडे तासिका तत्त्वावर नेमलेले सहकारी किती होते, त्यांना वर्षाचे पैसे कधी मिळत आणि वर्गात किती मुले बसत, हे मी वेगळे सांगायला नको. येथे बारास एक हे प्रमाण सांभाळण्यासाठी अनुदानाचा आणि फीचा फार मोठा भाग खर्च होतो, आणि त्याचा उपयोग काय हे मला माझ्याच घरात पाहायला मिळाले.

शेवटच्या वर्षी येथील पुष्कळ विद्यार्थी ‘सेंट मेरीज प्रोजेक्ट’ करतात. विद्यार्थ्याने विषय निवडायचा, एका अध्यापकाने वर्षभर त्याच्याबरोबर चालायचे. माझ्या मुलीने नदीतल्या कालवांचा, म्हणजे शिंपल्यांत राहणाऱ्या ‘ऑयस्टर’ या जिवांचा, विषय घेतला. येथल्या चेसापीक उपसागरातली ही कालवे अतिउपशाने आणि रोगाने पार घटली. ती पाणी गाळून स्वच्छ करतात, म्हणून ती परत वाढवण्याचे प्रयत्न या भागात अनेक वर्षे चालू आहेत. दर मंगळवारी दुपारी तीन वाजता तिची भेट ठरलेली. एकदा मी तिला सोडायला गेले होते. धक्क्यावर ती आणि तिच्या प्राध्यापिका गुडघ्यांवर बसल्या होत्या, पिंजरा वर ओढलेला, चिखलाचे पाणी दोघींच्या बाह्यांवरून ओघळत होते. मुलगी व्हर्निअर कॅलिपरने एकेक शिंपला मोजून आकडा मोठ्याने सांगत होती आणि बाई ओल्या वहीत पेन्सिलीने लिहून घेत होत्या. एका आकड्यापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा मोज.” मुलीने पुन्हा मोजले. तीन मिलिमीटरचा फरक निघाला. त्यांनी जुना आकडा खोडला नाही, त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहायला लावला, म्हणजे चूक कुठे झाली तेही वहीत राहील. अहवालातले ते ‘८० टक्के, एकास एक’ वाचताना आता मला तो धक्का आठवतो.

टक्केवारीचा विचार मात्र लहान कॉलेजात वेगळ्या रीतीने करावा लागतो. प्रथम वर्षाला साधारण चारशे मुले येतात असे धरले, तर एक टक्का म्हणजे चार मुले. लक्ष्य ९० टक्क्यांचे असताना ८५ टक्केच परत आली, तर वीस मुले कमी आली, आणि या कॉलेजात वीस मुलांची नावे कोणाला ना कोणाला ठाऊक असतात. मोठ्या विद्यापीठात एक टक्का इकडे तिकडे झाला तर तो आकडेशास्त्राचा प्रश्न असतो. येथे दोन कुटुंबांत एकाच वर्षी आजारपण आले तरी आलेख हलतो. म्हणून एका वर्षाच्या घसरणीवरून घाबरू नये आणि एका वर्षाच्या चढाने हुरळून जाऊ नये, चार-पाच वर्षांची ओळ एकत्र वाचावी, असे माझे मत आहे.

२०१३ ची घसरण मात्र एका वर्षाचा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती. त्या वर्षी नव्या विद्यार्थ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा शंभराहून अधिक कमी भरली आणि अंदाजपत्रकात लाखो डॉलरचे भगदाड पडले. सरकारी कॉलेज असूनही फी वाढत वाढत राज्यात सर्वांत वरच्या पायरीवर गेली होती. नंतर विधिमंडळाने जादा निधी दिला, फी आधी रोखली गेली आणि मग कमी केली गेली. त्या निधीचा एक भाग ‘डिसूझा-ब्रेंट’ नावाच्या उपक्रमाला जोडला होता. माथियस डिसूझा हा आफ्रिकी वंशाचा माणूस १६४० च्या दशकात येथील विधानसभेत बसला होता आणि मार्गारेट ब्रेंट हिने १६४८ साली याच गावात सभेपुढे उभे राहून मताचा हक्क मागितला होता. त्यांच्या नावाने घरातून पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या आणि आजवर कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून सोबत देण्याचे काम चालते. त्यांतली किती मुले पदवीपर्यंत पोचतात ते वेगळे मोजले जाते. सरासरीच्या आड कोण मागे राहिले ते दिसत नाही, म्हणून हे वेगळे मोजणे मला फार मोलाचे वाटते.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगते. २०१६ साली नव्या क्रीडांगणासाठी जमीन तपासताना पुरातत्त्वज्ञांना गुलामांच्या वस्तीचे अवशेष सापडले. कॉलेजाने क्रीडांगणाची जागा हलवली आणि २०२० साली तेथे स्मारक उभारले. झोपडीच्या आकाराची ती वास्तू आहे, लाकडाच्या फळ्या आणि मधून मधून आरशासारखे चकचकीत पोलाद. त्या काळी पळून गेलेल्या गुलामांना पकडण्यासाठी छापलेल्या जाहिरातींतले शब्द गाळून उरलेल्या शब्दांची कविता त्यावर कोरली आहे. जवळ गेले की अक्षरांच्या मागे आपला चेहरा दिसतो. इतिहासाची शिक्षिका म्हणून मी तेथे अनेकदा उभी राहिले आहे. सहिष्णुतेचे स्मारक म्हणून स्थापन झालेल्या संस्थेने हेही आपल्या आवारात मांडले, ही प्रगती अहवालाच्या कोणत्या रकान्यात बसवावी हे मला सांगता येणार नाही.

आता सहा वर्षांच्या आकड्याकडे येते. या वर्षीच्या अहवालातली सहा वर्षांची टक्केवारी सहा वर्षांपूर्वी आलेल्या तुकडीची असते. २०२० च्या शरद ऋतूत, मुखपट्ट्या बांधून आलेल्या मुलांचे चार वर्षांचे फलित २०२४ ला कळते आणि सहा वर्षांचे २०२६ ला. २०२० मध्येच कॉलेजाने अभ्यासक्रमाची नवी रचना आणली आणि प्रत्येकाला संशोधन, प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा परदेशी शिक्षण यांपैकी संधी मिळेल असा शब्द दिला. त्याचा परिणाम आकड्यांत पुरता दिसायला तितकाच वेळ लागणार. धीर धरून वाचावे लागणारे हे दस्तऐवज आहेत. शिवाय त्यांत सगळे मोजलेही जात नाही: दुसऱ्या कॉलेजातून येथे आलेला विद्यार्थी या तुकडीत नसतो आणि येथून दुसरीकडे जाऊन पदवी घेतलेला विद्यार्थी येथील यशात धरला जात नाही.

माझ्या मुलीच्या खोलीत पहिल्या वर्षी बाल्टिमोरची एक मुलगी होती. घरात कॉलेजला गेलेली पहिलीच. दिवाळीला ती आमच्याकडे आली होती, चकल्यांचा सोऱ्या दोन्ही हातांनी दाबताना तिचे हात थरथरत होते आणि तरी शेवटची चकली होईपर्यंत ती उठली नव्हती. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तिची आई आजारी पडली, दोन धाकटी भावंडे होती, आणि तिने सामान बांधले. पहिल्या वर्षातून दुसरे वर्ष गाठणाऱ्यांत ती मोजली गेली होती. चार वर्षांच्या आकड्यात मात्र ती नसणार. तिचे मार्गदर्शक प्राध्यापक तिला दर सत्राच्या सुरुवातीला एक ईमेल पाठवत, चार ओळींचा, हे मला मुलीकडून कळत असे.

या जानेवारीत ती परत आली आहे. पाच सत्रांचे विषय राहिले आहेत, उन्हाळ्यात दोन विषय घेईन म्हणते. ते जमले तर सहा वर्षांच्या मुदतीत ती बसते.