बिनछिद्रांचे झाकण

फोंड्यात मी चांदीच्या जुन्या वस्तूंची पारख आणि दुरुस्ती करतो. चवथीच्या आधी, भांडी उजळायला आणणाऱ्यांची दुकानात रीघ लागलेली असताना, माशेलचे एक काका तीन इंग्रजी डब्या घेऊन आले. त्यांचे आजोबा मुंबईत नोकरीला असताना, मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी त्या घेतल्या होत्या. तिन्ही डब्या उभट, पोटाला फुगीर आणि घुमटाकार झाकणाच्या होत्या. एक वीतभर उंच, उरलेल्या दोन लहान. दोन झाकणांची नक्षी आरपार कापलेली होती, तिसऱ्यावर मात्र तीच नक्षी नुसती कोरलेली होती. कारागिराने काम अर्धवट सोडले असावे, तेव्हा तेवढी भोके पाडून द्या, असे काकांचे म्हणणे होते.

मी सुई बाजूला ठेवून भिंग घेतले.

मोठ्या डबीला टाल्कम पावडरचा वास येत होता, पण ती मूळची साखरेची. पूर्वी साखर ढेपेतून फोडून कुटत, तिचा दाणा जाड राही, म्हणून छिद्रे मोठी. लहान छिद्रांची डबी मिरपुडीची. तिसरी मोहरीच्या पुडीची: अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांच्या टेबलावर मोहरी कोरडीच येई आणि झाकण काढून ती चमच्याने घेतली जाई, त्यामुळे छिद्रांचे कामच नव्हते, नक्षी केवळ संच जुळावा म्हणून कोरलेली असे.

काकांना वाटत होते तेवढ्या मात्र या डब्या जुन्या नव्हत्या, आणि हे सांगताना मला वाईट वाटले. चांदीची शुद्धता तपासून मारलेल्या ठशांत स्टर्लिंग, म्हणजे 92.5 टक्के शुद्ध चांदीची खूण असलेला चालता सिंह होता आणि लंडनमध्ये तपासणी झाल्याची खूण असलेले बिबट्याचे मुख होते. ते मुकुटाविना असल्याने वस्तू 1821 नंतरची ठरत होती. 1784 ते 1890 या काळात कर भरल्याची खूण म्हणून उमटवले जाणारे राजाचे किंवा राणीचे मस्तक कुठेच नव्हते. म्हणजे 1890 नंतर जुन्या घाटावर घडवलेला हा संच होता. तरीही तिन्ही झाकणांवर बुडाशी जुळणारे ठसे होते, एकही झाकण बदललेले नव्हते, आणि असा अभंग संच माझ्या हाती पहिल्यांदाच आला होता.

काका बराच वेळ ते बिनछिद्रांचे झाकण उघडत, लावत राहिले. मग तिन्ही डब्या फक्त उजळायला ठेवून गेले.