विषय नंबर १४ : मंगळवारच्या बाजारात बायकांसाठी संडास-बाथरूम

आमचं गाव क वर्ग, म्हणजे लहान शहराच्या नगरपरिषदेचं, सतरा नगरसेवक आणि थेट जनतेतून निवडून आलेले नगराध्यक्ष, म्हणजे २०१६ च्या निवडणुकीनंतरची गोष्ट सांगतेय. माझं बाजारतळाला लागून छोटं मॅचिंग सेंटर आहे, ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल असलं सगळं. गाळा नगरपरिषदेचाच, भाड्यानं. मंगळवारी आठवडी बाजार असतो, आजूबाजूच्या खेड्यांतून बायका पहाटेच्या टेम्पोनं भाजी घेऊन येतात आणि संध्याकाळी सहा-सातला परत जातात. एवढा वेळ त्यांना जायला जागाच नव्हती. माझ्या गाळ्यामागं एक छोटं बाथरूम आहे ते त्यांना माहीत झालं होतं, मग दर मंगळवारी दहा-पंधरा जणी यायच्या, ताई जरा आत जाऊन येऊ का असं हळूच विचारायच्या, आणि ज्या विचारायला लाजायच्या त्या दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. मेथी-शेपू विकणाऱ्या एक मावशी आहेत, साठीच्या. त्या सकाळी निघताना अर्धा कप चहा घ्यायच्या आणि मग थेट घरी गेल्यावर पाणी. एका उन्हाळ्यात त्या तीन मंगळवार आल्याच नाहीत, मग कळलं लघवीला जळजळ, ताप, सलाईन लावावं लागलं. तेव्हा मी ठरवलं की अर्ज द्यायचा.

पहिला अर्ज जून २०१८ मध्ये दिला आणि तो वाया गेला. माझी चूक एवढीच की नुसता कागद टेबलावर देऊन आले, दीड महिन्यानं विचारायला गेले तर असा अर्जच नाही म्हणाले. म्हणून आधी सांगते, कुठलाही अर्ज देताना दुसरी प्रत सोबत न्या, आवक विभागात त्या प्रतीवर शिक्का, आवक नंबर आणि तारीख घ्या, यालाच पोच म्हणतात. ती पोच म्हणजे तुमचा अर्ज जिवंत असल्याचा पुरावा. ऑगस्टमध्ये परत अर्ज दिला, पोच घेतली, आणि आठ दिवसांनी आवक नंबर सांगून विचारलं तर लगेच रजिस्टर उघडून सांगितलं की बांधकाम विभागाला मार्क झालाय. आधीच्या दीड महिन्यात जे झालं नाही ते दोन मिनिटांत.

बांधकाम विभागात पहिला प्रश्न आला जागा कुणाची. बाजारतळ सगळेच नगरपरिषदेचं म्हणतात पण कागदावर कुणाचं नाव आहे ते कुणालाच धड सांगता येईना, आणि जागा महसूलची निघाली तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल आणि मग विषय वर्ष-दोन वर्षं लांबेल असं तिथल्या एका जुन्या कर्मचाऱ्यानं मला सांगितलं. मी स्वतः भूमी अभिलेखच्या ऑफिसात जाऊन सिटी सर्व्हेचा प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढला. जुन्या ओट्यांच्या मागची पश्चिमेकडची पट्टी नगरपरिषदेच्याच नावावर निघाली. तो उतारा अर्जाला जोडला, त्याचीही पोच घेतली.

पैशाचं काय तर तेही आधी आपणच शोधून ठेवावं. नगरपरिषदेला उत्पन्नातले ५ टक्के महिला व बालकल्याणवर खर्च करायचे असतात, त्यासाठी महिला व बालकल्याण समिती असते, तिच्या सभापती असतात. आमच्याकडे तो पैसा बहुतेक शिवणक्लास आणि ब्युटी पार्लरच्या ट्रेनिंगला जायचा. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझ्याकडं काम करणारी मुलगी त्याच क्लासमधून शिकून आलीय, पण तळावर उन्हात बसलेल्या बाईची गरज त्याच्या आधीची आहे असं मला वाटतं आणि तेच मी सभापती वहिनींना घरी जाऊन सांगितलं. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत, आमच्या सभेत नऊ नगरसेविका होत्या, पण बऱ्याच जणींच्या वतीनं नवराच ऑफिसात फिरायचा, बोलायचा. त्या दिवशीही त्यांचे मिस्टरच बोलायला लागले, तर वहिनी म्हणाल्या तुम्ही थांबा, हे मला बोलू द्या. लग्नानंतर पहिली काही वर्षं त्या स्वतः सासूबरोबर याच बाजारात वांगी विकायला बसायच्या, हे मला तेव्हा कळलं.

आता सभेचं सांगते, कारण खरं काम तिथंच होतं आणि आपल्यातले बहुतेक लोक तिथं कधी पाय ठेवत नाहीत. सर्वसाधारण सभेची नोटीस आधी निघते, तिच्यासोबत विषयपत्रिका असते, आपला विषय त्यात नंबर घालून आला पाहिजे. ऐनवेळच्या विषयात, म्हणजे पत्रिकेत नसताना सभेतच मांडतात त्यात, कुणीतरी घालू म्हणालं तर त्याच्या भरवशावर राहू नका. आणि सभा नागरिकांना बघता येते. मागं खुर्च्या असतात, तिथं शांत बसायचं, मध्ये बोलायचं नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शिपायानं अडवलं, मी म्हटलं बसणार आहे फक्त, बोलणार नाही, मग सोडलं.

ऑक्टोबरच्या विषयपत्रिकेत आमचा विषय नंबर १४ होता. त्या दिवशी गणपूर्ती झाली नाही, म्हणजे पुरेसे नगरसेवकच आले नाहीत, म्हणून सभा तहकूब. आठवड्यानं परत भरली. विषय एक म्हणजे मागील सभेचं इतिवृत्त, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची लेखी नोंद, वाचून कायम करणे, मग रस्ते, मग गटारी, मग नळाच्या पाईपलाईनवर पाऊण तास वाद, आणि चौदावर आले तेव्हा साडेतीन वाजले होते, सगळ्यांना उठायची घाई. एका नगरसेवकानं सांगितलं की शेजारच्या दोन दुकानदारांची तोंडी हरकत आहे, वास येईल, गिऱ्हाईक तुटेल. अध्यक्ष म्हणाले पुढील सभेत ठेवा. झालं. दहा सेकंद पण लागले नाहीत. मी बाहेर आले आणि जिन्यावर उभी राहून रडले, खरंच रडले, कारण मावशींना सकाळीच सांगून आले होते की आज होईल.

त्या रात्री नवऱ्याशी बोलले आणि आम्ही दोघांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी स्टँपपेपरवर लिहून दिलं की स्वच्छतागृह माझ्या गाळ्याच्या मागच्या भिंतीला लागून बांधावं, माझी कसलीही हरकत नाही. म्हणजे वास आला तर सगळ्यात आधी मला येईल. ऑफिसात एकानं हळू आवाजात ऐकवलं की गाळा नगरपरिषदेचा आहे हे लक्षात असू द्या. भीती वाटली, खोटं कशाला सांगू, पण भाडं दर महिन्याला भरलेलं होतं आणि पावत्या फाईलला होत्या. पुढचे दोन मंगळवार मी वही घेऊन तळावर फिरले, भाजीवाल्या, सुकटवाल्या, बांगडीवाल्या, कुणी सही केली, कुणी अंगठा. एकूण २१४ झाल्या. मेथीवाल्या मावशींनी अंगठा उठवला आणि म्हणाल्या, नाव पण लिही बाई, नुसता अंगठा कुणाचा कळायचा.

डिसेंबरच्या सभेत सभापती वहिनी उभ्या राहिल्या आणि ती वही त्यांनी सगळ्यांसमोर धरली. विषय वाचला गेला, जागा वाचली गेली, त्यांनी सूचक म्हणून, म्हणजे ठराव मांडणारी म्हणून नाव दिलं, दुसऱ्या नगरसेविकेनं अनुमोदन, म्हणजे पाठिंबा दिला, सर्वानुमते मंजूर. मी सगळं डायरीत लिहून घेत होते: बाजारतळाच्या पश्चिमेला, जुन्या ओट्यांच्या मागं, फक्त महिलांसाठी, चार सीट, पाणी कनेक्शनसह.

इथं बहुतेक जण पेढे वाटून घरी जातात, मी पण गेले असते. पण वहिनींनी सांगितलं की इतिवृत्त बघितल्याशिवाय काही खरं नाही. सभेत जे बोललं गेलं ते नाही, तर प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे इतिवृत्तात, जे लिहिलं गेलं ते मंजूर असतं. महिनाभरानं त्यांच्याकडं इतिवृत्ताची प्रत आली, त्यात लिहिलं होतं, शहरात सोयीच्या ठिकाणी सार्वजनिक स्वच्छतागृह बांधणेस मंजुरी देणेत येत आहे. बस एवढंच. महिला शब्द नाही, बाजारतळ नाही, पाणी नाही. त्या एका ओळीवर ते कुठंही बांधता आलं असतं, दुसऱ्या टोकाला, कुणाच्या तरी वॉर्डात, पुरुषांसाठी. मुद्दाम केलं की घाईत झालं ते मला माहीत नाही आणि मी कुणावर आरोप करत नाही. पण दुरुस्तीची वेळ एकच असते, पुढच्या सभेत विषय एकला, इतिवृत्त कायम व्हायच्या आधी. एकदा कायम झालं की मग नव्यानं विषय ठेवा, परत तीच सगळी रांग. माहितीच्या अधिकारात नक्कल मागता येते, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, पण त्यात त्यांना तीस दिवस असतात आणि तोवर सभा होऊन जाऊ शकते. नगरसेवकाकडं प्रत येतेच, ती बघायला मागा.

फेब्रुवारी २०१९ च्या सभेत वहिनी विषय एकलाच उठल्या. माझ्या डायरीतलं त्यांनी पाठ केलं होतं. शब्दन् शब्द सांगितला, आणि सभा लिपिकांनी तिथंच दुरुस्ती लिहून घेतली. त्यांचे मिस्टर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यानंतरचं भराभर सांगते. १० मार्च २०१९ ला लोकसभेची आचारसंहिता लागली, मेअखेरपर्यंत सगळं थांबलं. मग एस्टिमेट, साडेसात लाखाच्या आसपास, काही ५ टक्क्यांतून आणि बाकी चौदाव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या निधीतून, मग तांत्रिक मंजुरी, मग निविदा, पहिल्या वेळी एकच आली म्हणून मुदतवाढ. वर्क ऑर्डर १९ सप्टेंबरला निघाली आणि २१ ला विधानसभेची आचारसंहिता लागली, दोन दिवस उशीर झाला असता तर दिवाळीनंतरच. नकाशा मात्र मी आग्रहानं बघायला मागितला होता. त्यात प्रत्येक संडासाला आत नळ नव्हता, बाहेर एकच हौद, आणि दाराला आतून खुंटी नव्हती. बाजारातल्या बाईच्या कमरेला पैशाची पिशवी असते, खांद्यावर पदर असतो, ती ते ठेवणार कुठं? इंजिनिअर साहेब तरुण होते, त्यांनी ऐकून घेतलं, आत नळ, एक खुंटी आणि पॅड टाकायला झाकणाचा डबा वाढवला.

११ फेब्रुवारी २०२० ला, मंगळवारीच, उघडलं. मावशी आत जाऊन आल्या आणि माझ्या दुकानात येऊन त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं आणि उभ्याउभ्या पिऊन टाकलं. मी त्यांना बाजाराच्या दिवशी पाणी पिताना पहिल्यांदा बघितलं.

मार्चमध्ये लॉकडाऊन, बाजारच बंद, नंतर हळूहळू परत सुरू झालं. पुढं आमच्या सभेची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या, नगरसेवकांच्या जागी कारभार बघायला प्रशासक आले, आमच्याकडे मुख्याधिकारीच प्रशासक. साहेब माणूस म्हणून चांगलेच होते. पण २०२३ मध्ये पाण्याची मोटार जळाली, मी तीन अर्ज दिले, तिन्हीची पोच आहे, तिन्ही वेळा उत्तर एकच की कार्यवाही सुरू आहे. आधी निदान विषयपत्रिकेवर नंबर यायचा, कुणीतरी उभं राहून मोठ्यानं वाचायचं, कुणी विरोध केला तर तो कोण आणि का ते तरी दिसायचं. आता तशी सभाच नव्हती, मग मागच्या खुर्च्याही नव्हत्या. दोन वर्षं आम्ही बायकांनीच पैसे काढून बाजाराच्या दिवशी टाकीत पाणी भरलं, एक जण दार सांभाळायची.

२ डिसेंबर २०२५ ला अखेर मतदान झालं, २१ ला निकाल लागला. आमच्या वॉर्डातून निवडून आलेली मुलगी तिशीतली आहे, पहिल्यांदाच. मी तिला २०१८ च्या ठरावाची नक्कल नेऊन दिली, पाणी कनेक्शनसह हे शब्द पेनानं अधोरेखित करून, आणि सांगितलं की मोटार बदलणं ही नवी मागणी नाही, हे आधीच मंजूर आहे. तिनं वाचलं, परत वाचलं, आणि विचारलं, काकू, सूचक म्हणजे नक्की काय करायचं असतं? मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं.

काल विषयपत्रिका आलीय. आमचा नंबर ९ आहे. सभा पुढच्या बुधवारी आहे, बुधवारी बाजार नसतो त्यामुळं मावशी पण येते म्हणाल्यात, त्यांना मागच्या खुर्चीवर बसून ऐकायचंय.