रानपिंगळ्याच्या मागे, शहादा ते तोरणमाळ

"घुबड देखाले इतला लांब उनात भाऊ?" शहाद्याच्या बसस्टँडसमोर चहा गाळता गाळता टपरीवाल्या आप्पांनी अहिराणीत विचारलं आणि बाकावरचे दोघं हसले. अमळनेर ते शहादा म्हणजे लांब कसलं! पण आप्पांचं चुकत नव्हतं. घुबडं आमच्याकडेही आहेत. घरामागच्या पिंपळावर पिंगळ्याची जोडी रोज तिन्हीसांजेला भांडते. तो ठिपकेवाला पिंगळा. मला बघायचा होता रानपिंगळा, आणि त्याच्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याचं सागाचं रानच गाठावं लागतं.

या पक्ष्याची अर्धी गोष्ट खानदेशाची आहे. १८७३ साली अ‍ॅलन ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञानं त्याचं पहिलं वर्णन केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन नावाचा पक्ष्यांचं वेड असलेला सनदी अधिकारी खानदेशात नेमणुकीवर होता, त्याला शहादा-तळोद्याकडे हा पक्षी मिळाला. १८८४ नंतर मात्र नाव नाही. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून पेंढा भरलेले सात नमुने तेवढे उरले. त्यातला एक रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा, १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळवल्याची चिठ्ठी लावलेला. सलीम अली आणि डिलन रिप्ली या पक्षीतज्ज्ञांनीही या पक्ष्याचा शोध घेऊन पाहिला, हाती काही लागलं नाही. लागणार कसं? नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेनं माइनर्ट्झहागनचा संग्रह तपासला, तेव्हा कळलं की हा गृहस्थ दुसऱ्यांचे नमुने संग्रहालयातून चोरायचा, पेंढा काढून पुन्हा भरायचा आणि आपली चिठ्ठी लावायचा. मांडवीचा पिंगळाही असाच, मुळात डेव्हिडसनचा. मांडवी नकाशावरून खोडली आणि जुन्या खऱ्या जागा उरल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी रासमुसेन आणि त्यांचे सोबती बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. आप्पांना एवढं सगळं सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

आता जायचं कधी ते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आम्ही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेलो. तेव्हा सागाची पानगळ सुरू झालेली असते, फांद्या उघड्या पडतात आणि दोनशे पावलांवरची आकृती डोळ्यांत भरते. जंगल म्हटलं की टीव्हीवरचं, शेवाळानं माखलेलं, बारा महिने ठिबकणारं रान ज्यांच्या डोळ्यांपुढे येतं त्यांचा इथं हिरमोड होईल. हे रान हिवाळ्याअखेर राखाडी आणि कुरकुरीत असतं. पावसाळ्यात तोरणमाळ सुंदर दिसतं, धुकं, धबधबे, सगळं काही. पण पिंगळा शोधायचा तर तेव्हा जाऊ नका, पानांच्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथाची मोठी जत्रा भरते, महाराष्ट्राबरोबर गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही लोक येतात. त्या दिवसांत खोलीही मिळत नाही आणि पाखरूही. होळीच्या आठवड्यात आदिवासी पाडे सणात असतात, गाडीवाला मिळणं मुश्कील. होळी बघायचीच असेल तर तिच्यासाठी वेगळी फेरी करा, ती त्या योग्यतेची आहे.

आम्ही अमळनेरहून सुरत लाइनच्या गाडीनं दोंडाईचाला उतरलो. तिथून सारंगखेड्याचा तापीवरचा पूल ओलांडून शहादा. माझे साडू धुळ्याहून मोटारसायकलनं आले, पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी, आतलं भिंग माझ्या मांडीएवढं. शहाद्याहून म्हसावद, राणीपूरवरून तोरणमाळ साधारण ५० किलोमीटर. अंतर बघून फसू नका. सातपायरीचा घाट सुरू झाला की घड्याळ बघणं सोडून द्यावं. एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या आणि पक्ष्यांच्या वेळेशी त्यांचं काही देणंघेणं नाही. सकाळी उजाडताना रानात असायचं तर स्वतःची गाडी हवी, नाहीतर आदल्या दिवशी शहाद्यात जीप ठरवावी. पेट्रोल शहाद्यातच भरून घ्या, रोख पैसेही तिथंच काढा. घाटात फोनला रेंज कधी येईल, कधी जाईल याचा नेम नाही.

ताडोब्यासारखी जिप्सी, गेट, सफारीची पाळी इथं नाही. तोरणमाळचं रान संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आत लोकांची शेतं आहेत, पाडे आहेत, गुरं चरतात. म्हणून आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन कोण, कुठून, कशासाठी ते सांगायचं. आम्ही हे केलं आणि तिथल्याच एका वनरक्षकानं पाड्यावरचा एक पावरा आदिवासी तरुण आमच्याबरोबर दिला. वाटाड्या स्थानिकच घ्या. पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका; अर्ध्या दिवसाची त्याची मजुरी बुडते.

मुक्काम तोरणमाळलाच केला. गाव माथ्यावर, सुमारे ११५० मीटर उंचीवर, यशवंत तलावाच्या काठानं. रात्री थंडी अशी की साडूंनी कॅमेऱ्याच्या पिशवीतला टॉवेलसुद्धा डोक्याला गुंडाळला. खानदेशात राहणारा माणूस स्वेटर घ्यायला विसरतो, कारण त्याला थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी वाटते. विसरू नका. जेवायला ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा मिळाला. शाकाहारी माणसाचं अडत नाही. सकाळी लवकर निघायचं तर रात्रीच दोन भाकऱ्या बांधून मागा.

पहिली सकाळ मात्र आम्ही वाया घालवली, आणि नुसती वाया घालवली असती तरी चाललं असतं.

आदल्या दिवशी ठरवलेली जीप उशिरा आली. पायथ्याकडच्या उतारावर पोहोचेपर्यंत आठ वाजून गेले. चालवणारा पोरगा उत्साही. "थांबा, बोलावतो," म्हणाला आणि त्यानं मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज लावला, वर छोटा स्पीकर जोडला. मी नको म्हणायला हवं होतं. साडू कॅमेरा सरसावून बसले होते, मी गप्प राहिलो. दोन मिनिटांत समोरच्या सागावर एक पिंगळा येऊन आदळला. आदळला हाच शब्द बरोबर. मान ताणलेली, शेपटी डावी-उजवी झटकतोय, आणि आम्हाला नाही, त्या स्पीकरला उत्तर देतोय. दुसरा नर हद्दीत घुसलाय असं त्याला वाटलं होतं. मग मागच्या झाडाच्या ढोलीतून मादी बाहेर आली. हे विणीचे दिवस, ढोलीत अंडी किंवा पिल्लं असणार. ती बाहेर येताच कोतवाल पक्ष्यांनी तिच्यावर झेप घेतली, बुलबुल गोळा झाले, एकच कालवा. आमच्या वाटाड्यानं न बोलता पोराच्या हातातला स्पीकर काढून घेतला आणि बंद करून खिशात टाकला. मादी परत ढोलीत जायला आम्ही तिथून निघेपर्यंत तयार नव्हती. साडूंना फोटो मिळाले. त्यांनी ते नंतर मला न विचारता पुसून टाकले, मला दोन दिवसांनी कळलं.

तेव्हा कोणी आवाज लावून पक्षी दाखवतो म्हणालं तर तिथंच नाही म्हणा. गाडीत बसण्याआधीच सांगा, ऐन वेळी जीभ रेटत नाही. आणि ते झाड कुठलं, कुठल्या पाड्याजवळ, हे मला विचारू नका, मी सांगणार नाही. घुबडाच्या पिसांवर, अंड्यांवर जादूटोणा करणारे अजून आहेत, आणि फोटोसाठी ढोलीखाली ठाण मांडणारेही आहेत. पक्ष्याला दोघांचा त्रास सारखाच.

दुसऱ्या दिवशी जीप घेतलीच नाही. पहाटे पाचला वाटाड्याच्या मागोमाग साडूंच्या मोटारसायकलवर घाट उतरलो, गाडी एका घराच्या ओट्याशी लावली आणि चालत निघालो. सागाची वाळली पानं पायाखाली पापडासारखी मोडतात, त्या आवाजानं अर्धं रान सावध होतं. वाटाड्या गुरांच्या पायवाटेनं चालत होता, जिथं पानं चुरून माती झालेली. हे शिकण्यासारखं. मग एका नाल्याच्या काठी, विरळ सागाच्या समोर, त्यानं आम्हाला बसवलं आणि हातानंच खूण केली, आता हलू नका.

तासभर काही नाही. म्हणजे पिंगळा नाही, बाकी सगळं. तांबटाचं टुक टुक, राखी धनेशाची जोडी, टकाचोराची किरकिर, हरियाल पक्ष्यांचा थवा पिंपरणीवर. खाली नाल्यात बिबट्याच्या पावलांचे ठसे, वाटाड्याच्या मते रात्रीचेच. शहादा-तळोद्याच्या उसात बिबटे भरपूर आहेत, म्हणून दिवस बुडायच्या आत गाडीशी परत, आणि लहान मुलांना एकटं मागे ठेवायचं नाही. हा सल्ला कंटाळवाणा आहे, पण पाळा.

साडेसातला ऊन सागाच्या शेंड्यांवर आलं. तेव्हा ऐकू आली ती शीळ, छोटी, मऊ, मध्ये थांबून थांबून. वाटाड्यानं हनुवटी वर केली. समोर साठ-सत्तर पावलांवर एका वाळल्या फांदीच्या टोकावर तो बसला होता, ऊन खात. हा पिंगळा दिवसाढवळ्या वावरतो, त्यामुळे रात्री बॅटऱ्या घेऊन फिरण्याची काहीच गरज नाही, फिरूही नये. पुढची वीस मिनिटं मी दुर्बीण खाली घेतली नाही.

ओळखायचा कसा ते नीट सांगतो, कारण तिथं तीन पिंगळे आहेत आणि घाईत तिघं सारखेच वाटतात. आपल्या गावातल्या ठिपकेवाल्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची गच्च रांगोळी असते. जंगली पिंगळा अंगभर बारीक पट्ट्यांचा. रानपिंगळ्याचं डोकं मोठं, जवळजवळ कोरं, ठिपके असलेच तर विरलेले. छातीवर गडद तपकिरी पट्टा, जणू स्वेटर घातलाय, आणि त्याच्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. पंख आणि शेपटीवर रुंद पट्टे. पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले, चांगले दणकट. पाठमोरा बसला तर गोंधळ होतो, वळेपर्यंत थांबा. आमचा वळला तो शिकारीसाठीच. मान खाली गेली, शेपटी दोनदा झटकली, आणि दगडासारखा जमिनीवर पडला. वर आला तेव्हा पंज्यात सरडा, शेपूट अजून वळवळत होती. तो सरडा त्यानं खाल्ला नाही. चोचीत घेऊन झाडीत आत गेला. कुठं गेला ते आम्ही बघायला गेलो नाही.

सोबत काय घ्यायचं? आठ-बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं) दुर्बीण पुरते, त्याहून जड आणली तर हात दुखतो. कपडे मातकट रंगाचे. पाणी माणशी दोन लिटर, कारण दहानंतर ऊन लगेच तापतं आणि रानात पिण्याजोगं पाणी मिळेलच असं नाही. बूट घोट्यापर्यंतचे. मुक्काम दोन रात्रींचा धरा. एका रात्रीत येऊन जाणाऱ्याला घाईच पक्षी दाखवते, आणि ती कशी दाखवते ते वर लिहिलंय. साडेदहानंतर रानात बसण्यात अर्थ नाही. मग माथ्यावर परत जा, सीताखाईची दरी बघा, तलावाकाठी झोपा.

परतताना शहाद्यात उतरलो तर आप्पांनी ओळखलं. "देखं का घुबड?" म्हणाले. साडूंनी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यासमोर धरला, दुसऱ्या दिवशीचा फोटो, लांबून काढलेला. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ बघितलं. हाऊ ते आमना मयामा बी शे, असं काहीसं पुटपुटले. मी म्हटलं, आप्पा, मळ्यातला वेगळा, याचं डोकं बघा. साडूंनी फोटो मोठा केला. आप्पांनी पुन्हा बघितलं, मग भांडी विसळणाऱ्या पोराला हाक मारून पडदा दाखवला.

"येले ते टक्कल पडेल शे!"