आधी मुळं बघू

बेळगावजवळ, मच्छ्याच्या पुढं, खानापूर रोडला आमची नर्सरी. ऑगस्टात इथं पाऊस उघडत नाही आणि नेमकं तेव्हाच दसऱ्याच्या शेवंतीला अंधार द्यावा लागतो. रात्र लांबली की शेवंती कळी धरते. आपोआप फुलायची वाट बघितली तर दसरा निघून जातो. म्हणून संध्याकाळी पाचला काळं कापड ओढायचं, सकाळी सातला काढायचं, कळ्यांना रंग दिसेपर्यंत. कापड ओढायला लागल्यापासून फुलायला आठ-दहा आठवडे. कुंडी बदलायची ती कापड ओढायला लागायच्या आठवडाभर आधी. कळी दिसल्यावर मुळांना हात लावायचा नाही.

त्या गडबडीत निपाणीकडचे बापलेक आले. मुलगा पुण्यात नोकरीला, गावी नवं घर बांधलेलं, दसऱ्याला वास्तुशांती. पायऱ्यांवर ठेवायला चौदा इंची चिनी मातीच्या कुंड्या आणि त्यांत आमच्या पाच इंची पिशवीतली झाडं हवी होती. मोठी कुंडी, मोठं फूल, असा साधा हिशेब. जुलैत नेलेलं एक झाड कुंडीसकट गाडीतून उतरवून तो म्हणाला, "एवढी जागा दिली, तरी झाड मरूलालंय बघा. तुमचं रोपच खराब." खालची पानं पिवळी, शेंडे माना टाकलेले. रोज पाणी घालतो, असंही सांगितलं.

मी काही बोललो नाही. पोत्यावर कुंडी आडवी केली आणि झाड ओढून काढलं. मुळांचा गड्डा अजून पिशवीच्याच आकाराचा! भोवतीची सगळी माती चिंब, आंबूस वासाची, तळाला खडीचा थर. निचऱ्यासाठी खडी घालायची हा सल्ला कोण देतं कळत नाही. पाणी खडीत उतरायच्या आधी वरच्या मातीतच थांबतं आणि ओल उलट मुळांच्या जवळ येते. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर तपकिरी साल निसटून हातात आली, आत दोऱ्यासारखी शीर उरली. पाणी कमी पडलेलं मूळ असं सोलून निघत नाही.

आठ इंची कुंडीत साधारण चार लिटर माती मावते, चौदा इंचीत वीसच्या वर. पाच इंची गड्ड्याला दोन महिन्यांत एवढी माती भरून काढता येत नाही. जिथं मूळ पोचत नाही तिथलं पाणी कोण पिणार? वर आपला पाऊस, कुंडीला एकच भोक. उन्हाळ्यात गच्चीवर असती तर मीच एक माप मोठी दिली असती, तिथं छोटी कुंडी दुपारपर्यंत सुकते.

मुलगा ऐकत होता, पण नजर कुंडीच्या नक्षीवर. त्याचे वडील, आप्पा, मात्र खाली बसले. उभा जन्म तंबाखूच्या शेतीत गेलेला माणूस. त्यांनी आमच्या तयार झाडांतली एक पिशवी फाडायला लावली. पांढरी मुळं कडेनं गोल फिरायला नुकती लागली होती. "हे आता बदलायचं," ते म्हणाले. "आम्ही पानासाठी बोंड खुडतो, तुम्ही बोंडासाठी शेंडा खुडता. पण मूळ बघायचं दोघांनीबी." मग लेकाकडं वळून, "तुझ्या कुंड्या काय फोडायच्या नाहीत रे, आत दुसरी ठेव की."

मी तेच सुचवणार होतो. झाडं आठ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत लावायची, चिनी मातीच्या कुंडीत तळाला वीट टाकून वर ती ठेवायची, आत साचलेलं पाणी ओतून द्यायचं. कोकोपीट आणि गांडूळखत घातलेलं हलकं मिश्रण, खडी नाही. कुंडी उचलून हलकी लागली तरच पाणी.

दसऱ्याच्या आधी टेम्पो आला तेव्हा झाडं गच्च भरलेली, काही कळ्या अजून मिटलेल्या. वास्तुशांतीला उमललेली हवीत म्हणून मुलगा कुरकुरला. मला विचाराल तर सगळी उमललेली झाडं न्यायची हौस चुकीची, त्यांची फुलं लवकर उतरतात. दारासमोरची एक कुंडी मात्र थेट मातीनं भरायचा हट्ट त्यानं ऑगस्टातही सोडला नव्हता. तळाला दोन भोकं जास्त पाडून घेतली आणि तिच्यात एका झाडाऐवजी पाच लावली, म्हणजे मातीतलं पाणी प्यायला तोंडं तरी पुरेशी. आप्पांनी पाचाचे पैसे देताना एकाचा भाव मागितला. मी तीनावर तोडलं.