पाय ठेव, मग सोडतो

मागच्या महिन्यात लेकाला घेऊन नागासाकीला जाऊन आलो. नऊ वर्षांचा आहे, इथल्या साध्या जपानी शाळेत जातो. निशिझाका टेकडीवर २६ ख्रिश्चनांचं स्मारक आहे, ५ फेब्रुवारी १५९७ ला तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशीच्या हुकमाने ह्यांना इथे क्रुसावर मारलं, आणि त्यातला एक गोन्सालो गार्सिया चक्क आपल्या वसईचा! पण लेक अडकला लुई इबाराकीपाशी, वय १२. "ह्याने काय केलेलं?" काही नाही रे, ख्रिश्चन होता.

क्रुसाचं मी आवरतं घेतलं, रक्ताच्या गोष्टींनी पोरं नुसती घाबरतात. फुमिए मात्र नीट सांगितलं. १६१४ ला ख्रिश्चन धर्मावर देशभर बंदी आली आणि पुढे नागासाकीत दरवर्षी नव्या वर्षाला लोकांना येशू नाहीतर मेरीच्या चित्रावर पाय ठेवायला लावायचे, हेच फुमिए, ठेवला की सुटलात. कितीतरी लोक पाय ठेवून घरी यायचे आणि लपून प्रार्थना करायचे, १८७३ ला बंदी उठेपर्यंत पिढ्यानपिढ्या लपूनच. (त्याच काळात गोव्यात पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मावरून खटले आणि शिक्षा, चालू होतं हेही सांगितलं, नाहीतर पोरांना वाटतं एक धर्म कायम मार खाणारा आणि बाकीचे मारणारे.)

ट्राममध्ये एकदम म्हणाला, "आमच्या वर्गात पण असंच करतात."

एका मुलीला 'शिकातो' चालू होतं, म्हणजे ती समोर असून नसल्यासारखं वागायचं. हा एकदा तिच्याशी बोलला तर बाकीचे म्हणाले, तिला तोंडावर घाणेरडी म्हण, नाहीतर उद्यापासून तू. हा म्हणाला.

माझ्या तोंडावर आलेलं की अरे ठामपणे नाही म्हणायचं ना, पण आत्ताच तर पाय ठेवणाऱ्यांबद्दल एवढं हळहळून बोललो होतो, गप्प बसलो. शाळेला फोन करणं माझं काम होतं, ते केलं, मुलांच्या छळाविरुद्धच्या इथल्या २०१३ च्या कायद्याने शाळेला अशा तक्रारीत लक्ष घालावंच लागतं.

रात्री विचारतो, "पाय ठेवून घरी आल्यावर ते काय करायचे?" कोंचिरिसान म्हणायचे, म्हटलं, माफीची प्रार्थना, पोर्तुगीज शब्दच जपानी होऊन राहिलाय.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर तिला 'ओहायो' (गुड मॉर्निंग) केलं. तिने बघितलं पण नाही म्हणे.