एका आकड्याचा माग : रसायनशास्त्राच्या वर्गात ऑनलाइन शोधकार्य घेताना

माध्यमिक वर्गांना रसायनशास्त्र शिकवताना ऑनलाइन शोधकार्याचा पहिला उपक्रम मी घेतला, तेव्हा माझी सूचना एका ओळीची होती : प्रत्येकाने वाट्याला आलेल्या मूलद्रव्याविषयी इंटरनेटवरून माहिती शोधावी आणि एक पान लिहून आणावे. आठवड्याने ३६ पाने माझ्या टेबलावर आली. मूलद्रव्ये वेगळी असली तरी पानांची घडण एकच होती : शोध कोणी लावला, रंग कोणता, उपयोग काय आणि शेवटी तीन-चार आकडे. एका पानावर द्रवणांक आणि उत्कलनांक यांची अदलाबदल झाली होती आणि लिहिणाऱ्या मुलाला त्यात काही खटकले नव्हते, कारण दोन्ही आकडे त्याला केवळ उतरवून काढायचे होते. मुलांनी आळस केला असे म्हणणे सोपे होते, पण ते खरे नव्हते. ज्या प्रश्नाचे उत्तर शोधयंत्राच्या पहिल्याच पानावर तयार मिळते त्यासाठी कोणी शोध घेत नाही. शोधकार्य म्हणून मी त्यांना शुद्धलेखनच दिले होते.

इंटरनेटवर आधारलेल्या शोधकार्याची ‘वेबक्वेस्ट’ ही पद्धत १९९५ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात बर्नी डॉज यांनी मांडली. विद्यार्थ्यांचा वेळ माहिती हुडकण्यापेक्षा ती वापरण्यात जावा, यासाठी शिक्षकाने स्रोत आधीच निवडून द्यावेत आणि माहितीवर विचार करावा लागेल असे काम द्यावे, हा तिचा गाभा आहे. यातील कामाविषयीचा भाग मी जसाच्या तसा स्वीकारला. स्रोतांविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे झाले. कोणता आकडा कुठून आला हे पारखणे हा रसायनशास्त्राच्या अभ्यासाचाच भाग आहे असे मी मानते, म्हणून दोन स्रोत मी द्यायचे आणि निदान एक विद्यार्थ्यांनी स्वतः शोधायचा, असे ठरवले. विषयही अगदी लहान केला. तिघांच्या गटाला एका पदार्थाचा एकच गुणधर्म द्यायचा, आणि त्या एका आकड्याचा जमेल तितका मागे माग काढायचा.

पहिला आकडा टंगस्टनच्या द्रवणांकाचा होता. एका गटाला ३४२२ अंश सेल्सिअस सापडले, दुसऱ्याला एका जुन्या पुस्तकाच्या स्कॅन केलेल्या प्रतीत ३४१० मिळाले, तर तिसऱ्याने ‘सुमारे ३४००’ असे लिहिलेले पान आणले. वर्गात लगेच वाद सुरू झाला, आणि मला नेमका तोच हवा होता. चुकीचे कोण, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. दोन तासिकांनंतर तो बदलला आणि एवढे तापमान मोजतात तरी कसे, असे ते विचारू लागले. वर्गातला तापमापक अशा ठिकाणी उपयोगाचा नाही, तिथे तप्त धातूच्या प्रकाशावरून तापमान काढावे लागते आणि नमुन्यात थोडी अशुद्धी असली तरी आकडा सरकतो, हे त्यांनी स्वतः वाचून काढले. तापमानाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टीच १९२७ नंतर १९४८, १९६८ आणि १९९० मध्ये सुधारली गेली, हे कळल्यावर तर एका मुलीने सरळ विचारले की मग जुन्या पुस्तकाला चूक म्हणायचे की जुने म्हणायचे. ‘जुने’ हा शब्द आम्ही त्या दिवशी नोंदपत्रकात घेतला आणि तो अजून तिथे आहे.

या नोंदपत्रकाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण उपक्रम खऱ्या अर्थाने त्याच्यामुळे उभा राहिला. सुरुवातीला त्यात फक्त संकेतस्थळाचे नाव आणि आकडा एवढेच रकाने होते. मग एकक, दाब, तापमान आणि पाहिल्याची तारीख आली, कारण उत्कलनांक लिहून दाब न लिहिणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे, हे मला वारंवार बजावावे लागत होते. सर्वांत उपयोगी ठरला तो शेवटचा रकाना : ‘या स्रोताने हा आकडा कुठून घेतला?’ तो भरताना मुलांना कळले की बहुतेक पाने काहीच सांगत नाहीत, काही पाने एकमेकांकडे बोट दाखवतात आणि फार थोडी पाने मूळ मोजमापापर्यंत नेतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००४ मध्ये सुरू केलेला ‘पबकेम’ हा संग्रह या कामात फार मोलाचा आहे, कारण त्यात गुणधर्मांच्या आकड्यांसोबत ते कुठून घेतले हेही दिलेले असते. एकाच गुणधर्मापुढे चार स्रोतांचे चार आकडे दिसले की मुले आधी गोंधळतात. तो गोंधळ मी लगेच निस्तरत नाही.

‘निस्ट’ या अमेरिकी मानक संस्थेचे ‘केमिस्ट्री वेबबुक’ त्याहून कोरडे वाटते, पण मला ते अधिक प्रिय आहे. इथेनॉलचा उत्कलनांक तिथे पाहिला तर वेगवेगळ्या संशोधकांनी केलेली मोजमापे एकाखाली एक दिसतात आणि वर सरासरी असते : ३५१.५ केल्विन, अधिक-उणे ०.२. पाठ्यपुस्तकातील ७८ अंश सेल्सिअस या एका आकड्यामागे इतक्या लोकांचे इतक्या वर्षांचे काम उभे आहे, हे माझ्या सांगण्याने कधीच पोचले नसते. ते त्या लांबच लांब यादीने पोचवले.

नावांचा गोंधळ ही दुसरी अडचण होती. एका गटाने अ‍ॅसिटोन आणि प्रोपॅनोन हे दोन वेगळे पदार्थ समजून त्यांची तुलना करणारा तक्ता बनवला आणि दोघांचे सर्व गुणधर्म सारखे निघाल्याचे आश्चर्यही नोंदवले. तेव्हापासून प्रत्येक शोधाची सुरुवात आम्ही सीएएस क्रमांकाने करतो. रासायनिक पदार्थांना दिल्या जाणाऱ्या या नोंदणी क्रमांकाचा शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो आणि ती पडताळणी वर्गात करता येते. पाण्याचा क्रमांक ७७३२-१८-५ आहे. शेवटचा ५ बाजूला ठेवून उरलेले अंक उजवीकडून घ्यायचे आणि त्यांना अनुक्रमे १, २, ३ असे गुणत जायचे : ८, २, ६, १२, ३५ आणि ४२. बेरीज १०५ होते, तिचा एकक स्थानचा अंक ५, म्हणून क्रमांक बरोबर उतरवला आहे. गणिताची ही पाच मिनिटे मुलांना इतकी आवडली की ती घरी जाऊन डब्यांवरचे आणि बाटल्यांवरचे क्रमांक तपासू लागली.

हाच क्रमांक आणखी एका कामासाठी मी वापरला. ‘डायहायड्रोजन मोनॉक्साइड’ या ‘घातक’ रसायनावर बंदी घालावी असे सांगणारी पाने इंटरनेटवर आहेत. त्यांतील विधाने खरी असतात : हा पदार्थ श्वासावाटे आत गेल्यास मृत्यू येऊ शकतो, तो आम्लवर्षेचा प्रमुख घटक आहे, तो धातू गंजायला मदत करतो. १९९७ मध्ये अमेरिकेतील १४ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने असेच निवेदन ५० जणांना वाचायला दिले, तेव्हा ४३ जणांनी बंदीला पाठिंबा दिला होता. माझ्या वर्गातही पहिल्या दहा मिनिटांत बहुतेक हात बंदीच्या बाजूने वर झाले. मग मी म्हटले, आधी क्रमांक शोधा. क्रमांक सापडताच वर्ग शांत झाला, कारण तो सर्वांना पाठ असलेला पाण्याचाच क्रमांक होता. कोणालाही फसवल्यासारखे वाटू नये म्हणून मी लगेच सांगितले की यातले एकही विधान खोटे नव्हते, आणि मग काय वगळले होते यावर आम्ही उरलेली तासिका घालवली.

अ‍ॅस्टॅटिनचा अनुभव मात्र मी स्वतःही अपेक्षिला नव्हता. एका गटाने त्याचा द्रवणांक ३०२ अंश सेल्सिअस असल्याचे अनेक संकेतस्थळांवरून आणले आणि सर्व ठिकाणी एकच आकडा असल्याने तो निश्चित असावा असा निष्कर्ष लिहिला. शेवटचा रकाना मात्र रिकामा होता. मी तो भरून आणायला सांगितले. आठवडाभर त्यांना कुठेच मोजमाप सापडले नाही, आणि त्यांचा समज झाला की आपणच शोधण्यात कमी पडतो आहोत. मग त्यांच्यातील एकाने मूलद्रव्याची मूळ माहिती नीट वाचली. १९४० मध्ये प्रयोगशाळेत तयार केलेल्या या मूलद्रव्याचा सर्वांत टिकाऊ समस्थानिकदेखील सुमारे ८.१ तासांत निम्मा होतो, आणि डोळ्यांना दिसेल एवढा तुकडा जमवला तरी स्वतःच्या किरणोत्साराच्या उष्णतेनेच त्याची वाफ होईल. म्हणजे वितळताना तो कोणी पाहिलेलाच नाही, आणि तो सगळीकडे सारखा दिसणारा आकडा एक अंदाज होता, जो एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना ‘अंदाजे’ हा शब्द गमावून बसला होता. त्या गटाने शेवटच्या रकान्यात लिहिले : ‘मोजमाप नाही, अनुमान आहे.’ इतक्या वर्षांत मला मिळालेल्या उत्तरांपैकी हे मी सर्वांत वरचे मानते.

त्याच सुमारास काही मुले प्रश्नांची तयार उत्तरे देणाऱ्या संगणकीय साधनांकडे वळली. मी मनाई केली नाही, पण शेवटचा रकाना त्यांनाही लागू केला. एका गटाला अशा साधनाने संदर्भ म्हणून एका शोधनिबंधाचे नाव दिले; मुलांनी तो निबंध शोधला, पण त्या नावाचा निबंध त्यांना कुठेही मिळाला नाही. यावर मला वेगळे काही शिकवावे लागले नाही.

क्लोरीनच्या अणुवस्तुमानाने मला अडचणीत आणले. पाठ्यपुस्तकात ३५.५ आहे, एका तक्त्यात ३५.४५३ होते आणि आयूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सारणीत एक आकडा नसून ३५.४४६ ते ३५.४५७ अशी मर्यादा होती. क्लोरीनच्या ३५ आणि ३७ या समस्थानिकांचे प्रमाण निसर्गात सर्वत्र तंतोतंत सारखे नसते, म्हणून २००९ च्या सारणीपासून काही मूलद्रव्यांसाठी अशी मर्यादा दिली जाते, हे समजावणे कठीण नव्हते. कठीण होता तो त्यापुढचा प्रश्न : परीक्षेत काय लिहायचे? मी ३५.५ लिहा असे सांगितले, आणि हा आकडा तक्त्यातील ३५.४५३ ला एका दशांश स्थळापर्यंत पूर्णांकित करून मिळतो हे फळ्यावर करून दाखवले. तरीही काही चेहऱ्यांवर नाराजी राहिली, आणि ती मला रास्त वाटली, कारण ज्यांना प्रश्न विचारायला शिकवले त्यांना पुन्हा एका ठरावीक उत्तराशी आणून उभे करताना मलाही बरे वाटत नव्हते.

सुरक्षिततेबाबत माझे नियम कडक आहेत आणि त्यांत मी तडजोड करत नाही. शोधकार्य वाचनाचे आहे; चित्रफितीत पाहिलेला कोणताही प्रयोग घरी करायचा नाही. प्रत्येक गटाने आपल्या पदार्थाचे १६ विभागांचे सुरक्षा माहितीपत्रक उघडायचे आणि त्यातील प्रथमोपचाराचा व हाताळणीचा भाग वर्गाला वाचून दाखवायचा. गुणदान मी बरोबर आकड्याला देत नाही, मागाला देते, आणि वाट कुठे संपली हे प्रामाणिकपणे लिहिलेल्या नोंदीला पूर्ण गुण मिळतात. यामुळे तपासण्याचा वेळ मात्र दुप्पट झाला आहे, आणि त्यावर मला अद्याप उपाय मिळालेला नाही.

या वर्षी शेवटचा विषय गॅलियमच्या घनतेचा होता. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने १८७१ मध्ये, ते मूलद्रव्य कोणी पाहिलेही नव्हते तेव्हा, त्याच्या गुणधर्मांचे भाकीत केले. १८७५ मध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते शोधले आणि घनता ४.७ मोजली, मेंडेलीव्हने ती ५.९ च्या आसपास असायला हवी असे कळवले, आणि अधिक शुद्ध नमुना घेऊन पुन्हा मोजल्यावर ती खरोखरच ५.९ भरली. एका गटाने नोंदपत्रकात दोन्ही आकडे लिहिले, ४.७ पुढे ‘अशुद्ध नमुना’ अशी नोंद केली आणि खाली पेन्सिलीने विचारले की पहिल्या मोजमापाची मूळ वही कुठे पाहायला मिळेल. ते तिघे सध्या जुन्या फ्रेंच नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या पानांत ती नोंद शोधत आहेत, आणि भाषांतराला मदत करण्यासाठी त्यांनी भाषेच्या शिक्षिकेला गाठले आहे.