राउटर चालू, लाइन मेलेली

डिसेंबर, कापसाचा ऐन हंगाम. सकाळी साडेदहाला राळेगावकडच्या एका जिनिंगमधून दिवाणजींचा फोन आला. "भाऊ, काटा त चालू हाय, पण बिल काहून नाई निघून रायलं? गाड्यायची लाइन पार रोडवर गेली!"

यवतमाळहून मोटारसायकल काढली. वाटेत डोक्यात एकच घोळत होतं, असं व्हायलाच नको. तिथलं नेटवर्क दोनच महिन्यांपूर्वी मीच लावलेलं. आधी काटा, हिशेबाचे कॉम्प्युटर आणि कॅमेरे सगळे एकाच गोठ्यात बांधलेले. मी त्याच स्विचवर तीन व्हीलॅन, म्हणजे एकमेकांपासून वेगळी नेटवर्कं, पाडले, नंबर १० काट्याला, २० ऑफिसला, ३० कॅमेऱ्यांना. वावरात धुरे असतात तसे. एका वावरातला गलका दुसऱ्यात जात नाही, आणि जायचंच असेल तर राउटरच्या फाटकातून.

फाटकंही दोन ठेवली होती. पहिला राउटर फायबरवर, दुसरा ४जी सिमवर. कॉम्प्युटरला मात्र गेटवेचा, म्हणजे बाहेर जायच्या फाटकाचा, एकच पत्ता माहीत, शेवटी .१ असलेला. व्हीआरआरपी ही दोन राउटरनी एकच पत्ता वाटून घ्यायची पद्धत, तिच्यात हा पत्ता दोघांच्या सामाईक मालकीचा. ज्याची प्रायॉरिटी जास्त, तो सांभाळतो. पहिल्याला ११० दिली होती, दुसऱ्याला १००. पहिला दर सेकंदाला 'मी आहे' अशी हाक देतो. साधारण ३.६ सेकंद हाक आली नाही, की दुसरा तो पत्ता घेतो, सोबत त्याचा मॅक पत्ताही (नेटवर्क कार्डाची ओळख), म्हणून कॉम्प्युटरला बदल कळतही नाही. बसवताना मी पहिल्याची विजेची पिन उपसून दाखवली होती. चार सेकंदांत दुसरा उभा. मालक खूश, मी चहा पिऊन घरी.

पोचलो तर दोन्ही राउटरचे दिवे हिरवे. .१ ला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' असं विचारलं, झटकन उत्तर. त्याच्या पुढे काहीच नाही. मग भिंतीवरच्या फायबरच्या डबीकडे नजर गेली. एलओएसचा, म्हणजे फायबरचा सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकत होता. गावाबाहेर पाण्याच्या पाइपसाठी जेसीबी चालू होता, हे चौकीदारानं तेव्हा सांगितलं.

घोळ माझाच होता. व्हीआरआरपी राउटर जिवंत आहे का ते बघतो. त्याच्या मागची लाइन मेली की जगली, याचं त्याला सोयरसुतक नाही. पहिला राउटर इमानदारीनं हाका देत होता, दुसरा इमानदारीनं गप्प बसला होता. डबी ते राउटर ही केबलही शाबूत, म्हणून नुसता पोर्ट बघून काही कळलं नसतं. बरं एवढंच की काटा ते हिशेबाचा सर्व्हर हा रस्ता आवारातलाच. वजनं नोंदली जात होती, अडलं होतं फक्त ऑनलाइन बिल.

पहिल्याची प्रायॉरिटी हातानं ९० केली. दुसरा लगेच पुढे आला. बिल निघालं, पण मुंगीच्या चालीनं. बघतो तर सगळे कॅमेरे आपलं रेकॉर्डिंग त्या बिचाऱ्या सिमवरून क्लाउडला ढकलत होते! व्हीलॅन वेगळा होता म्हणून दुसऱ्या राउटरवर एकच नियम पुरला: ३० ला बाहेर बंदी. प्रिंटर धडधडायला लागला. दिवाणजी म्हणाले, "आता कसं!"

गाड्या हलल्यावर पक्कं काम केलं. आता पहिला राउटर फायबरवरून बाहेरच्या एका पत्त्याला सतत पिंग करतो. तीनदा चुकलं की प्रायॉरिटीतून २० वजा. संध्याकाळी जोडणारे आले. लाइन येई, जाई, पुन्हा येई, आणि गेटवे तिच्यामागं इकडून तिकडं. मग लाइन सलग पाच मिनिटं टिकल्याशिवाय पहिल्यानं परत ताबा घ्यायचा नाही, अशी अट घातली. तपासायला या वेळी पिन नाही, डबीतली फायबरच उपसली.

तेवढ्यात नागपूरहून मालकांचा फोन. "अहो, मोबाइलवर कॅमेरे काहून दिसून नाई रायले?"

"पाच मिनिटं थांबा जी," म्हटलं आणि फायबर परत खोचली.